कोळ्यांची ओळख : रंगापेक्षा डोळे पाहा

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ आपण लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मानतो. अपवाद कोळ्यांचा! स्टॉकहोमच्या नगर-प्रशासनात नोकरी करणाऱ्या कार्ल क्लर्कने १७५७ सालीच स्वीडनमधील कोळ्यांवर सचित्र ग्रंथ काढला व जातींना दोन शब्दांची नावे दिली. म्हणून पाठीवर पांढरा क्रूस असलेल्या युरोपातील बागकोळ्याचे नाव आजही क्लर्कचेच आहे : अरेनियस डायाडेमेटस.

क्लर्कने कोळ्यांच्या डोळ्यांकडे विशेष लक्ष दिले. रंग फसवा असतो. एकाच जातीत तो वय व लिंग यांनुसार बदलतो. डोळ्यांची मांडणी मात्र त्या त्या कुलात बहुधा ठरलेली असते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. लांडगा-कोळ्यांत ते चार, दोन, दोन अशा तीन ओळींत असतात, तर उड्या मारणाऱ्या कोळ्यांत समोरचे मधले दोन ठळक मोठे.

पण यावरून कुल कळते, जात नव्हे. त्यासाठी पुढील अभ्यासकांनी प्रौढ नराचे स्पर्शपाद व मादीच्या पोटाखालील जननद्वार यांची ठेवण भिंगाखाली तपासली. पिलांत हे अवयव पूर्ण घडलेले नसतात. म्हणून वर्गात आपण डोळे मोजावेत, कुल सांगावे आणि पुरावा नसेल तर जातीपाशी थांबावे. असे थांबणे हाही विज्ञानाचाच धडा आहे.