लुगड्याची झोळी ते पट्ट्यांची पिशवी

जत्रा असो, माहेरची वाट असो नाहीतर ऊसतोडीला निघायचं असो, तान्हं मूल घरात असलं की पहिला प्रश्न एकच. बाळाला न्यायचं कशात? आता बाजारात बाळ बांधायच्या पिशव्या आल्यात. त्यांना रुंद पट्टे, बकलं आणि खिसे असतात, आणि किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जाते. गटाच्या बैठकीत सुना विचारतात, घ्यावी का? सासवा म्हणतात, आम्ही तर लुगड्यात वाढवली की पोरं. आज आपण या कापडाचा इतिहासच बघू. निवड कशी करायची तेही त्यातच सापडेल.

मूल अंगाला बांधून चालणं ही जगभरच्या कष्टकरी बायांची रीत आहे. आपल्याकडे मूल कडेवर, पाठुंगळी नाहीतर लुगड्याच्या झोळीत. मिझोराम-नागालँडच्या बाया हातमागाच्या कापडाने मूल पाठीला बांधून चढण चढतात. मेक्सिकोत लांब शाल, आफ्रिकेत छातीवर गाठ मारलेलं कापड, चीनमध्ये चौकोनी कापडाला चार बंद. देश वेगळे, पण गरज एकच होती. दोन्ही हात कामाला मोकळे हवेत आणि मूल नजरेआड नको.

झाशीच्या राणीचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. एप्रिल 1858 मध्ये लक्ष्मीबाई रात्रीच्या अंधारात किल्ल्यातून निघाल्या, तेव्हा दत्तक मुलगा दामोदर पाठीशी बांधलेला होता, असं सांगतात. पुतळ्यात मूल अगदी लहान दिसतं. खरं तर दामोदरराव तेव्हा त्याहून बरेच मोठे होते. घोड्यावरची बाई एवढं मोठं मूल पाठीशी बांधून निघते, ही गोष्ट आपल्या लोकांना नवलाची वाटली तरी अशक्य वाटली नाही. कापडाची ताकद त्यांना ठाऊक होती.

मग या कापडाला कमीपणा कधी आला? इंग्लंडमध्ये 1733 साली विल्यम केंट नावाच्या कारागिराने एका ड्यूकच्या मुलांसाठी छोटी गाडी बनवली. शेळी किंवा शिंगरू ती ओढायचं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत ढकलायची बाबागाडी श्रीमंत घरांची खूण झाली. मूल गाडीत ठेवणारी बाई मोठ्या घरची, अंगाला बांधणारी गरीब, असं लोक समजू लागले. तरी तिथल्याच वेल्स प्रांतातल्या बाया मूल शालीत गुंडाळून कामं करत राहिल्या. आपल्याकडेही साहेबांच्या बंगल्यात बाबागाडी आली आणि शेताच्या बांधावर झोळीच राहिली.

हे चक्र उलटं फिरलं 1960 नंतर. अमेरिकेतल्या अॅन मूर या नर्सबाई आफ्रिकेतल्या टोगो देशात सेवेला गेल्या होत्या. तिथली बाळं आईच्या पाठीवर शांत असतात, हे त्यांनी पाहिलं. स्वतःला मुलगी झाल्यावर त्यांनी तसंच बांधून पाहिलं, पण कापड सरकायचं. म्हणून त्यांनी आपल्या आईकडून, ल्यूसी ऑकरमन यांच्याकडून, पट्ट्यांची पिशवी शिवून घेतली. 1969 साली तिचं पेटंट मिळालं. मागणी वाढली तेव्हा ओहायो राज्यातल्या खेड्यातल्या बाया घरी बसून त्या पिशव्या शिवत होत्या. जर्मनीत एरिका हॉफमन यांना जुळी झाली. घरात एक मेक्सिकन शाल होती, तिच्यात त्यांनी लेकरं बांधली आणि 1972 मध्ये तशी कापडं विणून विकायचा धंदा सुरू केला.

मैत्रिणींनो, आपली नऊवारी साधारण आठ मीटरची. अर्धी केली तर चार मीटर. परदेशात आज बाळ बांधायला जी लांब कापडं विकतात, ती चार ते पाच मीटरचीच असतात. म्हणजे जे आपल्या पेटीत पडलंय, तेच दुकानात किंमत लावून उभं आहे. पिशवी परवडत नाही म्हणून कुणा आईने मान खाली घालायचं कारण नाही.

पण जुनं म्हणजे सगळं चांगलं असंही नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये सगळ्यांना सावध केलं. खांद्यावरच्या झोळीसारख्या पिशव्यांशी जोडलेले निदान 14 बालमृत्यू वीस वर्षांत त्यांच्या नोंदीत आले होते. त्यातली 12 बाळं चार महिन्यांच्या आतली होती. कारण नीट समजून घ्या. खोल झोळीत तान्हं बाळ गोळा होऊन बसतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. किंवा नाक-तोंड कापडात नाहीतर आईच्या अंगात दाबलं जातं. एवढ्या लहान बाळाला मान उचलता येत नाही आणि ते रडतही नाही. आपली झाडाला टांगलेली झोळी काय, खांद्यावरची काय, दोन्हींत ही भीती आहे.

दुसरा धडा जपानचा. तिथे बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळायची चाल होती. त्याने खुब्याचा सांधा निखळायचा. 1975 च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी आयांना आणि आज्यांनाही समजावलं, की पाय मोकळे आणि फाकलेले राहू द्या. आधी शंभरात एक ते तीन बाळांना होणारा हा त्रास नंतर हजारात दोघांवर आला. आपण मूल कडेवर घेतो तेव्हा त्याच्या मांड्या आपोआप फाकतात, गुडघे ढुंगणाच्या थोडे वर येतात. तीच बैठक चांगली.

तेव्हा पिशवी घ्या किंवा कापड वापरा, पारख सारखीच. बाळाचं तोंड आपल्याला दिसलं पाहिजे. मान खाली घातली की त्याच्या टाळूचा मुका घेता आला पाहिजे, एवढं ते वर हवं. हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावली पाहिजेत. पाठीला आधार हवा आणि बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद हवी. पाय नुसते लोंबत असतील तर ती पिशवी ठेवून द्या. कापड सुती आणि दणकट घ्या. विरलेलं लुगडं आणि घसरणारं नायलॉन नको. पिशवीची शिवण आणि बकलं ओढून बघा. पाठीवर बांधायचं ते मान धरल्यावरच. दिवस भरायच्या आधी झालेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर आधी दवाखान्यात विचारा. प्रवासाला निघण्याआधी घरी, खाटेजवळ, दुसऱ्या बाईला शेजारी उभं करून दोन-चारदा बांधून बघा.

एसटीत किंवा वडापमध्ये बसलात की थोड्या थोड्या वेळाने बाळाचं तोंड बघा. बसल्यावर कापड सैल होतं आणि बाळ खाली सरकतं. मोटारसायकलवर मात्र ही पिशवी संरक्षण देत नाही. सरकारने 2022 मध्ये नियम केला आणि तो फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. 4 वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा आणि 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाच्या डोक्याला हेल्मेट हवं. त्याहून लहान बाळाला शक्यतो एसटीनेच न्या. चुलीपाशी काम करतानाही बाळ छातीला बांधू नका.

पुढच्या बैठकीला एक लुगडं आणि कुणाकडे असेल तर एक पिशवी आणा. सासवांनी गाठ दाखवावी, सुनांनी दोन बोटांची पारख दाखवावी. गटात ज्या बायका पहिल्यांदा आई होणार आहेत, त्यांना पुढे बसवा.