आरान्त्सासु

आरान्त्सासु : बास्क भाषेतील स्त्रीनाम. स्पेनच्या गिपुस्कोआ प्रांतात ओन्याती गावाजवळच्या डोंगरात याच नावाचे मरियामातेचे तीर्थक्षेत्र आहे. नाव आधी त्या जागेचे, मग तिथल्या मरियेचे आणि तिच्यावरून मुलींचे झाले. इत्सियार, बेगोन्या, आइनोआ ही बास्क स्त्रीनामेही याच वाटेने आली आहेत. घरगुती रूप ‘आरान्चा’.

आख्यायिकेनुसार सुमारे 1468 मध्ये रोद्रिगो दे बाल्त्सातेगी या मेंढपाळाला काटेरी झुडपात मरियेची लहान मूर्ती दिसली. शेजारी गुरांच्या गळ्यातली एक घंटा होती. चकित होऊन तो उद्गारला, ‘आरान्त्सान सु?’ म्हणजे ‘काट्यांत, तुम्ही?’ सोळाव्या शतकातील इतिहासकार एस्तेबान दे गारिबाई याने ही कथा नोंदवली आहे. कथा गोड आहे, पण नाव आधीचे आणि उद्गार त्यावरून रचलेला, असे मानणेच सयुक्तिक. ‘आरान्त्सा’ म्हणजे काटा. ‘-सु’ हा विपुलता दाखवणारा प्रत्यय, म्हणून अर्थ ‘काट्याझुडपांची जागा’. उद्गारातला ‘न’ हा सप्तमीचा प्रत्यय असून नावात त्याचा मागमूसही नाही.

1514 पासून हे स्थान फ्रान्सिस्कन संन्याशांकडे आहे. आजच्या चर्चचे बांधकाम 1950 मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद होते साएन्स दे ओइसा आणि लुईस लाओर्गा. दरवाजे एदुआर्दो चियीदा यांचे. दर्शनी भागासाठी होर्हे ओतेइसा यांनी प्रेषितांची शिल्पे घडवायला घेतली, तीही बारा नव्हे, चौदा. धर्माधिकाऱ्यांना ती रुचली नाहीत. काम थांबवले गेले आणि अखेर 1969 मध्ये शिल्पे जागेवर चढली. त्याच्या आदल्या वर्षी बास्क भाषा अकादमीने इथेच भरवलेल्या बैठकीत प्रमाण बास्कचा पाया घातला गेला. एका स्त्रीनामाशी इतका भाषिक इतिहास क्वचितच जोडलेला असतो.

फ्रँको राजवटीत मुलांची बास्क नावे सरकारदफ्तरी नोंदवू दिली जात नसत. मरियेचे नाव असल्याने हे नाव मात्र स्पॅनिश लेखनात टिकले. स्पेनच्या बहुतेक भागात त्याचा उच्चार ‘आरान्थाथु’ होतो. अमेरिका खंडात स्थायिक झालेल्या बास्कांनी ही भक्ती सोबत नेली. मेक्सिको शहरातील आरान्त्सासु बंधुमंडळाने अठराव्या शतकात मुलींसाठी उभारलेले बिस्काइनास विद्यालय आजही चालू आहे.

भारतीय वाचकांना या नावाची ओळख आहे ती टेनिसमुळे. 1989 मध्ये स्टेफी ग्राफला हरवून फ्रेंच ओपन जिंकणारी आरान्चा सांचेस व्हिकारिओ हिचे दप्तरी नाव हेच. ती मात्र बास्क प्रदेशातली नव्हे, बार्सेलोनाची.