त्वचेचे आरोग्य आणि पोषकद्रव्ये

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत विस्तृत अवयव आहे. तिची दृढता, आर्द्रता आणि जखम भरून येण्याची क्षमता आहारातील प्रथिने, जीवनसत्त्वे, खनिजे व मेदाम्ले यांवर अवलंबून असते.

कार्य

त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन पक्के होण्यासाठी क जीवनसत्त्व आवश्यक असते. त्याच्या दीर्घ अभावाने स्कर्व्ही होऊन त्वचेखाली रक्तस्राव होतो व जखमा लवकर भरत नाहीत. अ जीवनसत्त्व बाह्यत्वचेतील पेशींच्या वाढीचे नियमन करते, तर जस्त पेशीविभाजनास साहाय्यभूत ठरते. ई जीवनसत्त्व पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते.

महाराष्ट्रातील आहार

आवळा, पेरू व शेवग्याचा पाला यांतून क जीवनसत्त्व मिळते; पालेभाज्या व गाजरातील बीटा-कॅरोटिनचे शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते. पनवेल तालुक्यातील उलवे व परिसरातील खाडीकाठच्या आगरी-कोळी समाजाच्या आहारात भात व मासळी यांना परंपरेने प्रमुख स्थान आहे. मासळीतून उत्तम प्रथिने मिळतात. बांगडा व तारली यांत ओमेगा-३ मेदाम्लेही असतात.

पेलाग्रा

पेलाग्रा (वल्कचर्म) हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग आहे. त्यात मान, हात व पाय यांचा उन्हात राहणारा भाग काळवंडून खरखरीत होतो. अतिसार व मनोविकृतीही संभवते आणि उपचाराअभावी मृत्यू ओढवतो. हा रोग प्रामुख्याने मका खाणाऱ्यांत आढळत असे. परंतु दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही आढळला. ज्वारीतील ल्युसिनचे अधिक प्रमाण यास कारणीभूत असावे, असे मत सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. या मताबाबत पुढे मतभेद झाले. ज्वारीसोबत डाळी, शेंगदाणे, दूध किंवा मासळी घेतल्यास धोका कमी होतो.

वार्धक्य व मर्यादा

सुरकुत्या व डाग यांचे प्रमुख बाह्य कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे आहे. धूम्रपानानेही त्यांत भर पडते. फळे व भाज्यांतील प्रतिऑक्सिडीकारके ही हानी काही अंशी कमी करू शकतात, मात्र ती उन्हापासूनच्या संरक्षणाला पर्याय ठरत नाहीत. आहार पुरेसा असताना अधिक मात्रेच्या गोळ्या घेतल्याने वार्धक्य थांबत नाही. अ जीवनसत्त्वाच्या अतिसेवनाने त्वचा कोरडी पडते, केस गळतात आणि गरोदरपणात गर्भाला अपाय होऊ शकतो.