गंजावर गंजाचाच उतारा

अमेरिकेत अनेक घरांमध्ये आजोबा-पणजोबांच्या शिकारीच्या रायफली अजून जपून ठेवलेल्या आढळतात. वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडलेली अशी एखादी रायफल नातवाच्या हाती येते तेव्हा तिच्या नळीवर तांबूस गंज चढलेला असतो आणि मूळचा निळसर काळा रंग जागोजागी उडालेला असतो. नातवाच्या मनात पहिला विचार येतो तो पॉलिश पेपरने घासून नळी चकचकीत करण्याचा. जुन्या हत्यारांचे जाणकार मात्र त्याला थांबवतात. ते म्हणतात, घासू नकोस. लाकडी दस्ता वेगळा कर, नळी साबणाने धुऊन तेलकटपणा काढ आणि स्वच्छ पाण्यात उकळ.

पाण्याने गंजलेले लोखंड पुन्हा पाण्यातच उकळायचे? ऐकायला हे विचित्र वाटते. पण या सल्ल्यामागे दोनशे वर्षांहून अधिक काळचा कारागिरांचा अनुभव आहे आणि रसायनशास्त्राच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पानही आहे.

शाळेत आपण शिकवतो की गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. हे बरोबर आहे, पण अपुरे आहे. लोखंडाची ऑक्साइडे एकाहून अधिक आहेत. दमट हवेत तयार होणारा तांबडा गंज हे पाण्याचा अंश असलेले ऑक्साइड. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्यापेक्षा तो कित्येक पट अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, सच्छिद्र होतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. दुसरे ऑक्साइड काळे असते. त्यात लोखंडाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे चार अणू असतात. याला मॅग्नेटाइट म्हणतात. ते लोखंडाला घट्ट चिकटून राहते आणि चुंबकाकडे ओढले जाते. लोहाराच्या ऐरणीभोवती पडणाऱ्या काळ्या खपल्यांमध्येही ते असते.

कारागिरांना यातले काहीच ठाऊक नव्हते. अठराव्या शतकात युरोपीय सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्या बहुधा आरशासारख्या चकचकीत ठेवल्या जात. विटेची भुकटी आणि तेल लावून त्या घासत बसणे हे सैनिकाचे नित्याचे काम होते. या घासण्याने गंज जाई, पण दर वेळी थोडे लोखंडही जाई. शिवाय उन्हात चमकणारी नळी शत्रूला लांबूनच दिसे. यावर तोडगा निघाला तो उलट्या बाजूने. नळीला नत्राम्ल, मोरचूद वगैरेंचे मिश्रण लावायचे, तिला मुद्दाम एकसारखी गंजू द्यायची, सुटा गंज ब्रशने झाडायचा, पुन्हा मिश्रण लावायचे. असे अनेकदा केले की नळीवर तपकिरी रंगाचा दाट थर बसे. शेवटी आम्लाचा अंश धुऊन काढून वर तेल किंवा मेण चोळत. ब्रिटिश सैन्याने १८०० साली स्वीकारलेल्या बेकर रायफलीच्या नळ्या अशाच तपकिरी केलेल्या असत. गंजाला हाकलण्याऐवजी त्यालाच पहारेकरी नेमावे, अशी ही युक्ती.

काही मिश्रणांत मर्क्युरिक क्लोराइडसारखे जहाल विषही असे. जुन्या पुस्तकांतल्या कृती जशाच्या तशा घरी करून पाहू नयेत याचे हे एक कारण.

याच सुमारास पॅरिसमध्ये बंदुकीची नळी एका अगदी निराळ्या कामासाठी वापरली जात होती. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचे संयुग आहे, असे आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८३ साली मांडले होते. हायड्रोजन जाळला की पाणी मिळते हे दाखवता येत होते. पण विरोधकांचे समाधान होण्यासाठी उलटा प्रयोगही हवा होता. पाणी फोडून दाखवायला हवे होते. लाव्हाझिए आणि लष्करी अभियंते म्यूनिए यांनी १७८४ मध्ये लोखंडी बंदुकीची नळी भट्टीत लालभडक तापवली आणि तिच्यातून पाणी सोडले. दुसऱ्या टोकाने ज्वलनशील वायू बाहेर पडला. नळीच्या आतले लोखंड काळे पडले आणि त्याचे वजन वाढले. पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाने घेतला आणि हायड्रोजन मोकळा झाला. फेब्रुवारी १७८५ मध्ये हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर, निमंत्रित शास्त्रज्ञांसमोर करून दाखवण्यात आला. यात केवळ ज्ञानाची हौस नव्हती. १७८३ मध्ये हायड्रोजनचे फुगे आकाशात झेपावले होते आणि हा वायू स्वस्तात कसा मिळवावा हा प्रश्न निकडीचा झाला होता.

आपण पाठ्यपुस्तकात तप्त लोखंड आणि वाफ यांचे जे समीकरण शिकवतो, ते या नळीत प्रथम तोलूनमापून पाहिले गेले. नळीत उरलेला तो काळा पदार्थ म्हणजेच मॅग्नेटाइट. पुढे १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्राध्यापक बार्फ यांनी अतितप्त वाफेने लोखंडी वस्तूंवर हाच काळा थर मुद्दाम चढवून त्यांना गंजापासून वाचवण्याची पद्धत मांडली.

बंदूक बनवणाऱ्यांनी मात्र याहून सोपा मार्ग शोधला. तपकिरी गंज चढवलेली नळी ते साध्या उकळत्या पाण्यात बुडवत. काही मिनिटांत तांबूस थर काळा होई! वरची मखमलीसारखी काजळी तारेच्या मऊ ब्रशने झाडायची, पुन्हा गंज चढवायचा, पुन्हा उकळायचे. पाच-सात फेऱ्यांनंतर नळीला खोल निळसर काळी झाक येई.

हे घडते कसे? पाणी उकळताना त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. आता तांबड्या गंजाला बाहेरून ऑक्सिजन मिळत नाही, उलट खाली शुद्ध लोखंड असते. त्याच्याशी देवाणघेवाण होऊन गंजाचे मॅग्नेटाइट बनते. गंज स्वतःच लोखंडाचे ऑक्सिडीकरण करू शकतो, ही गोष्ट केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकात विद्युत-रसायनशास्त्राच्या आधारे समजावून दिली. कारागीर त्यापूर्वी कितीतरी वर्षे ही पद्धत वापरत होते.

कारखान्यांना इतका धीर नव्हता. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांचे तीव्र द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळते. त्यात बुडवलेली नळी अर्ध्या तासाच्या आसपास काळी होते. ही पद्धत १९३० च्या दशकात रुळली. पण हे द्रावण अंगावर उडाले तर कातडी जाळते, आणि जोडनळीच्या बंदुकीतले शिशा-कथलाचे डाग खाऊन टाकते. त्यामुळे जोडनळ्यांसाठी जुनी संथ पद्धतच टिकून राहिली. तिसरा मार्ग फॉस्फेटचा. टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये त्याचे ब्रिटिश पेटंट घेतले, डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीने १९१५ पासून त्याचा प्रसार केला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रायफली त्या करड्या थराने ओळखू येऊ लागल्या.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. यांपैकी कोणताही थर एकटा पुरेसा नाही. मॅग्नेटाइटचा थर फार पातळ, मायक्रॉनच्या हिशोबात मोजण्याजोगा असतो आणि त्यालाही सूक्ष्म छिद्रे असतात. खरे रक्षण होते ते त्या छिद्रांत मुरलेल्या तेलाने. थर तेल धरून ठेवतो, तेल पाण्याला अडवते.

आता नातवाकडे वळू. पॉलिश पेपर गंज, उरलेला जुना थर आणि लोखंड यांत भेद करत नाही. नळीवर कारखान्याचे शिक्के, क्रमांक आणि चाचणीच्या खुणा असतात. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहांत जादा दारू भरून नळी उडवून पाहत आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का मारत. या खुणा पुसल्या की ती रायफल कुणी, कधी, कशी बनवली याचा पुरावाच नाहीसा होतो, आणि एकदा गेलेले लोखंड परत येत नाही. उकळण्याने मात्र तांबडा गंज काळा होऊन बराचसा ब्रशने सुटतो, मूळचा थर जागेवर राहतो. नळी पूर्वीसारखी कोरी दिसत नाही. गंजाने पाडलेले खड्डेही भरत नाहीत. ती जशी जगली तशी दिसते, पण तिचा क्षय थांबतो. वस्तुसंग्रहालयांतही हेच तत्त्व पाळतात: नवे करू नका, नाश थांबवा.

वर्गात हा प्रयोग करायला बंदूक लागत नाही. आपल्याकडे तिला शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो, आणि प्रयोगाला खिळे पुरतात. चार लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा, व्हिनेगरमध्ये मीठ घालून त्यात क्षणभर बुडवा आणि ओल्या फडक्यावर झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांवर बारीक तांबडा गंज दिसेल. दोन खिळे तसेच ठेवा, दोन ऊर्ध्वपातित पाण्यात वीस मिनिटे उकळा, पुसून तेल लावा. आठवड्याने चारही शेजारी ठेवून पाहा. उकळताना रंग का बदलला, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. मग लाव्हाझिए यांच्या नळीची गोष्ट सांगा. समीकरण फळ्यावर लिहायची वेळ त्यानंतरची.