कलगीचा सवाल, मातीतला डाव

सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात गावजत्रेचा जुना क्रम असा : दुपारी कुस्त्यांचा फड, रात्री तमाशा. उन्हात अंगाला अंग भिडायचं, रात्री कनातीत सवालाला जवाब. प्रेक्षक तेच, आणि हरणाऱ्याची टर उडवण्यातही ते दोन्हीकडे सारखेच निर्दय.

शब्दांच्या या कुस्तीचं मूळ कलगी-तुऱ्यात आहे. दंतकथा सांगते, की तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांच्या सवाल-जवाबांवर खूश होऊन चंदेरीच्या राजाने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. महाराष्ट्रात तुरेवाले शिवाला थोर म्हणू लागले, कलगीवाले शक्तीला. तुळजाभवानीच्या मुलखात कलगीवाल्यांचं पारडं जड असणार, असं वाटतं खरं. पण पंथ गावावरून ठरत नसे, गुरूवरून ठरे. तालमीतल्या पठ्ठ्याची ओळख जशी त्याच्या वस्तादावरून, तशीच शाहिराची.

भेदिक कवनात पुराणातलं एखादं कूट घालायचं आणि समोरच्याने भर फडात त्याचा उलगडा गाऊन करायचा. जवाब सुचला नाही तर हार. मग डफ-तुणतुणं प्रतिपक्षाच्या हवाली करावं लागे, असंही सांगतात. त्यामुळे शाहिराची मेहनत पहिलवानाच्या जोर-बैठकांहून हलकी नव्हती. पेशवाईच्या उत्तरार्धात सोलापूरच्या राम जोशींचं नाव झालं, त्यामागे संस्कृतचा व्यासंग होता. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला म्हणून घरच्यांचा रोष पत्करावा लागला, तो वेगळाच.

नुसत्या पाठांतरावर मात्र हा सामना जिंकता येत नाही. २०१५ साली न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं. त्याने शब्दांच्या याद्या पाठ केल्या होत्या. भेदिकाच्या फडात अर्थ न कळता पहिला सवालसुद्धा परतवता आला नसता.

पुढे कुस्ती आणि सवाल-जवाब या दोघांच्या वाटा फुटल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. वजनगट आले, गुण आले, मातीशेजारी गादी आली. दोन्ही विभागांचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही स्पर्धा भरवण्याचा मान धाराशिवला मिळाला. तिथे शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून किताब मिळवला.

सवाल-जवाबाला असा किताबही लाभला नाही आणि पंचही. तमाशात त्याची जागा वगाने आणि पुढे सिनेमाच्या गाण्यांनी आक्रसत नेली. कोकणात मात्र तो शक्ती-तुरा म्हणून टिकला. चाकरमान्यांबरोबर तो मुंबईत आला, आणि तिथल्या नाट्यगृहांत त्याचे सामने तिकीट लावून होतात.