दिघा : सार्वजनिक आरोग्यव्यवस्था
नवी मुंबई महानगरपालिकेच्या (स्थापना १ जानेवारी १९९२) आठ विभागांपैकी उत्तर टोकाचा विभाग. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगत कामगारवस्ती दाट. स्वतंत्र आरोग्य मंडळ येथे नाही. धोरण महापालिका ठरवते, अंमलबजावणी नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र करते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या (२०१३) निकषांनुसार असे केंद्र सुमारे ५०,००० लोकसंख्येसाठी, तर एक आशा स्वयंसेविका २०० ते ५०० घरांसाठी असते.

खरे काम दारोदारी चालते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून लोक पिंप भरून ठेवतात आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. कर्मचारी झाकण उचलून बॅटरीच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या घरच्या बाईला दाखवतात. पिंप घासून कोरडे करायला सांगतात. पाण्याची टंचाई सोसणाऱ्या घराला भरलेले पिंप ओतायला लावणे सोपे नाही, त्यामुळे पाणीपुरवठा हाही येथे आरोग्याचाच प्रश्न ठरतो. निवाऱ्याचेही तसेच: २०१५ मध्ये येथील बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिले. अशा कारणाने कुटुंबाला घर बदलावे लागले की बाळाच्या लसीकरणाचा माग ठेवणे अवघड होते; तेव्हा शेजारणींची महिला आरोग्य समितीच उपयोगी पडते.