पुलगावच्या टाकीजमध्ये ‘पाठलाग’

धामणगाव सुटलं की खिडकीची जागा धरा. थोड्याच वेळात रुळांचा आवाज बदलेल आणि खाली वर्धा नदी दिसेल. डिसेंबरातली नदी, पात्राच्या एका कडेला सरकलेली, बाकी सगळी वाळू. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा मागे पडतो आणि गाडी पुलगावला थांबते. साल १९६५. पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन तीन महिनेही झालेले नाहीत.

घाईनं बाहेर पडू नका. गार्डाच्या डब्याकडे बघा. हमाल पत्र्याची एक जड पेटी खाली घेतो आहे आणि टाकीजचा पोऱ्या सायकल धरून तिच्याचसाठी थांबला आहे. सिनेमाच्या वितरणात ज्याला सी.पी.-बेरार म्हणतात, त्या भागाची बरीच उलाढाल अमरावतीतून चालते. पुण्या-मुंबईत झळकलेला सिनेमा अशा गावापर्यंत पोचतो तेव्हा प्रिंट ठिकठिकाणी ओरखडलेली असते. तुटलेली फिल्म चिकटवताना मधली दोन-चार वाक्यंही गेलेली असतात.

“कोनता पिच्चर हाय, भाऊ?” एक म्हातारा विचारतो.

“पाठलाग. मराठी हाय.”

“मराठी? मंग बायकाच येतीन.”

“नाई जी. कोर्टकचेरी हाय त्याच्यात. मेलेली बाई परत येते म्हन्ते.”

म्हातारा थांबतो आणि खेळ किती वाजता ते विचारतो. विदर्भात मराठी सिनेमाला हिंदीइतकी गर्दी होत नाही, हे पोऱ्यालाही माहीत आहे. पण मेलेली बाई परत येणार म्हटल्यावर मराठी-हिंदी कोण बघतो?

बाहेर या. पलीकडे आर्वीला जाणारी लहान रुळांची गाडी वाफ सोडत उभी आहे. १९१७ पासून ती पस्तीस किलोमीटरचं अंतर तिच्या मर्जीनं कापते. कापसाचा हंगाम आहे, जिनिंगकडे वळलेल्या बैलबंड्यांची रांग रस्ता अडवून बसली आहे आणि हवेत रुईचे कण तरंगताहेत. तेवढ्यात गिरणीचा भोंगा होतो. एक पाळी सुटते, दुसरी आत शिरते. फाटकाशी नीट बघितलंत तर एक कामगार बाहेर येताना आणि त्याचा शेजारी आत जाताना डब्यांची अदलाबदल करताना दिसतील. या गावात कित्येक घरांत नवरा-बायको एका वेळी जागे असतात ते पाळी बदलण्याच्या मधल्या तासा-दोन तासांत.

दुसरं गाव गिरणीच्या पलीकडे आहे, कॅम्प आणि डेपो. लष्कराचं दारूगोळा भांडार. सप्टेंबरातल्या लढाईनंतर तिथं काय चाललं आहे ते कोणी सांगत नाही, घरीसुद्धा नाही. दूरच्या मुलखातले जवान इथं बायको-पोरांना गावी ठेवून राहतात. महिन्याच्या सुरुवातीला पोस्टात त्यांची रांग लागते. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुराला इवलीशी जागा असते. तेवढ्यात संसार मांडायचा: पैसे मिळाले की कळव, म्हशीचं बघ, आईची काळजी घे. नवरा-बायकोतलं बोलणं इतकं तुटक झालेल्या या गावानं हा सिनेमा बघायलाच हवा होता, असं मला वाटतं.

टाकीजमध्ये चला. पुढे जमीन, मग बाक, मागे खुर्च्या, बायकांची बसायची बाजू वेगळी. नवे पैसे येऊन आठ वर्षं झाली, तरी खिडकीवर हिशेब आण्यांतच चालतो. तुम्ही बाकावर बसा. उजवीकडे गिरणीतला एक तरणा कामगार आहे, केसांत अजून कापूस अडकलेला. डावीकडे खाकी स्वेटरातला जवान, एकटा.

आधी समाचारचित्र लागतं. पडद्यावर लालबहादूर शास्त्री येतात तशा टाळ्या पडतात, जवान बाकावर सरळ होऊन बसतो. तुम्हाला ठाऊक आहे की महिनाभरात, ११ जानेवारीला, ताश्कंदहून त्यांच्या मृत्यूची बातमी येणार आहे. शेजारच्याला हे सांगून उपयोग नाही. टाळ्या वाजवा.

मग पाटी येते: दिग्दर्शक राजा परांजपे. टाकीजला हा माणूस हसवणारा म्हणून माहीत आहे. १९५२च्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये त्यांनी पैसा आणि लग्न यांची गाठ विनोदानं घातली होती: मुलगी हवी असेल तर लाख रुपये उडवून दाखव. इथं हसू नाही. जयंत देवकरांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून १९६४ साली केलेला हा रहस्यपट आहे. संगीत दत्ता डावजेकरांचं, नायिका भावना, नायक डॉ. काशिनाथ घाणेकर. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी म्हणून घाणेकरांचं नाव महाराष्ट्रभर गाजतं आहे. रंगभूमीवर वीज पाडणारा हा नट इथं बायको गमावलेल्या एकट्या माणसाचा दबलेला आवाज काढतो.

गोष्ट एवढीच की बायको, आशा, गेली आहे आणि घर रिकामं झालं आहे. अशात पोलिसांनी पकडलेली एक बाई समोर येते. चेहरा हुबेहूब बायकोचा. मी तुमची आशाच आहे, असं ती म्हणते. खोटं बोलणाऱ्या आरोपीला उघडं पाडायचं म्हणून उलटतपासणी सुरू होते आणि ती बाई नवऱ्याला दोघांपलीकडे कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगू लागते.

आता पडद्यावरून नजर काढा आणि टाकीज बघा. बिड्या विझल्या आहेत. बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली आहे. पडद्यावर ना पाठलाग करणाऱ्या मोटारी आहेत, ना परदेशातली दृश्यं. काळापांढरा पडदा, थोड्या खोल्या, कोर्ट, सावल्या आणि दोन चेहरे. मराठी निर्मात्याच्या खिशात त्या काळी याहून जास्त नसायचंच. पण या चित्रपटाला पैशानं काय मिळालं असतं? इथला पुरावा म्हणजे खोलीचं दार लावल्यावर नवरा-बायकोत झालेलं बोलणं. तो दाखवायला सेट लागत नाही, त्याला ऐकणारा लागतो. परांजप्यांनी चणचणीवर मात केली असं कौतुक करतात, ते मला अपुरं वाटतं. ही गोष्ट मुळातच अशी आहे की जास्त पैसा ओतला असता तर ती पातळ झाली असती.

आणि पैसा गोष्टीतही आहेच. ती खरी ठरली तर घर, नाव, कपाटाच्या किल्ल्या सगळं तिचं. खोटी ठरली तर तुरुंग. जिच्यापाशी काहीच उरलेलं नाही, तिनं फक्त आठवणींच्या बळावर कोर्टात उभं राहायचं. विदर्भातल्या किती बायकांना हे नवं असेल? घर नावावर नाही, शेत नावावर नाही, लग्नाचा कागद नाही. उद्या कोणी विचारलं की तू याची बायको कशावरून, तर त्यांच्याकडेही आठवणींखेरीज काय आहे?

मध्यंतर होतं. बाहेर आलुबोंडे तळले जाताहेत, चहाची किटली फिरते आहे. चर्चा तापली आहे.

“थे खरीच हाय.”

“खरी कशी असन? मेली ना थे!”

“मंग इतकं सारं तिले मालूम कसं?”

गिरणीतला कामगार काही बोलत नाही. मग चहाचा कप ठेवून एकदम म्हणतो, “माह्या घरच्या बाईनं कोर्टात मले वळखलं, तरी मले काय इचाराव थेच समजनार नाई.” कोणी हसत नाही. जवान त्याच्याकडे बघतो आणि पुन्हा आत जातो.

उत्तरार्ध सांगत नाही. रहस्यपटाचा शेवट फोडणं हा प्रेक्षकावर अन्याय आहे, मग तो चित्रपट साठ वर्षांचा का असेना. एवढंच सांगतो की शेवटच्या रिळाला प्रिंट मध्ये तुटते, दिवे लागतात आणि एकही माणूस जागचा उठत नाही.

खेळ सुटल्यावर थंडीत उभे राहा. इथल्या कोणाला माहीत नाही, पण पुढचं वर्ष उलटायच्या आत हीच गोष्ट हिंदीत होईल. राज खोसला ‘मेरा साया’ करतील, साधना आणि सुनील दत्त असतील, मदनमोहनची गाणी घरोघर वाजतील आणि मूळ मराठी चित्रपटाचं नाव लोक विसरतील. ‘पाठलाग’ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती रौप्यपदक मिळालं होतं, हेही फार थोड्यांच्या लक्षात राहील. गिरणीचा भोंगा एक दिवस कायमचा बंद होईल, आर्वीची गाडीही थांबेल. ३१ मे २०१६ रोजी डेपोत भीषण आग लागेल, कामावरची माणसं परत येणार नाहीत आणि आपल्या माणसाची वाट बघण्याचा अर्थ या गावाला पुन्हा कळेल. आणि आज पडद्यावर ज्यांना बघितलंत ते घाणेकर २ मार्च १९८६ रोजी इथून जवळच, अमरावतीत, अखेरचा श्वास घेतील.

माझ्या लेखी मराठी रहस्यपटांत ‘पाठलाग’ सगळ्यात वरचा आहे. ‘मेरा साया’ चांगला आहे, पण त्यातल्या हवेलीत आणि गाण्यांत ती बाई थोडी दूर जाते. ‘पाठलाग’मधली बाई शेवटपर्यंत तुमच्या समोर उभी राहते आणि नवऱ्याला नव्हे, तुम्हाला प्रश्न विचारते. मिळाला तर जरूर बघा, आणि घरच्या माणसासोबत बघा. मध्यंतरात एकमेकांना तीन प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं जगात दुसऱ्या कुणालाच देता येणार नाहीत.